नॅसमधल्या दोन डिस्क पाठोपाठ का गेल्या, आणि आता काय घ्यावे

हे उत्तर इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. भोसरी एमआयडीसीत आपला प्रिसिजन पार्ट्सचा कारखाना आहे आणि तीस-पस्तीस माणसे कामाला आहेत. चार वर्षांपूर्वी आपण चार कप्प्यांचा नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवर एकत्र ठेवणारे डिस्कचे यंत्र, घेतला, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या ८ टीबीच्या चार डिस्क त्यात रेड ५ पद्धतीने, म्हणजे कोणतीही एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशा जोडणीत, बसवल्या आणि टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्राम व ग्राहकांचे तपासणी अहवाल त्यावर ठेवले. गेल्या महिन्यात एक डिस्क गेली. व्हेंडरने नवी डिस्क घालून रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर पुन्हा तयार करणे, सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक डिस्क बाद होऊन सगळा व्हॉल्यूमच, म्हणजे चारही डिस्क मिळून बनलेला साठाच, बंद पडला. नॅसलाच यूएसबीने जोडलेल्या बॅकअप डिस्कवर शेवटची यशस्वी प्रत कित्येक महिन्यांपूर्वीची निघाली. रिकव्हरीवाल्यांनी बराचसा डेटा काढून दिला आहे. आता व्हेंडर म्हणतो की त्या कंपनीच्या डिस्कच वाईट, सगळे एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेल्या चिपच्या डिस्कवर, न्या. त्यावर आपण विचारले आहे की कोणत्या कंपनीची डिस्क घ्यावी, एसएसडी घ्यावी का, आणि असे पुन्हा होऊ नये यासाठी काय करावे.

कंपनी बदलून हा प्रश्न सुटणार नाही, आणि एसएसडी घेऊनही सुटणार नाही. औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या स्टोरेजची देखभाल मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की दोन डिस्क पाठोपाठ जाणे हा क्वचितच योगायोग असतो. त्यामागे दोन्ही डिस्कना लागू पडणारे एखादे समान कारण असते, आणि ते तसेच राहिले तर नव्या डिस्कही त्याच वाटेने जातात.

योगायोग नाही असे मी का म्हणतो, ते आकड्यांनी पाहू. डिस्कच्या माहितीपत्रकात सरासरी आयुष्य १० लाख तास किंवा त्याहून जास्त छापलेले असते, म्हणजे वर्षाला एक टक्क्याहूनही कमी डिस्क जाव्यात असा त्याचा अर्थ होतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये मोठमोठ्या यंत्रणांमधल्या सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागतात असे सर्रास दिसले आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले. आपल्यासाठी ३ टक्के धरू. चार डिस्क पाच वर्षे चालवल्या, तर त्यातली किमान एक जाण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते. म्हणजे पहिली डिस्क गेली यात नवल काहीच नाही. पण डिस्क एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या जात असतील, तर उरलेल्या तिघींपैकी एखादी नेमकी पुढच्या दोन दिवसांत जाण्याची शक्यता दोन हजारांत एक इतकीच निघते. प्रत्यक्षात मात्र रिबिल्ड चालू असताना दुसरी डिस्क गेल्याच्या तक्रारी यापेक्षा कितीतरी जास्त येतात, आणि हे अंतर समान कारणांमुळे पडते.

आपल्या प्रकरणात सर्वांत आधी संशय घ्यावा असे कारण म्हणजे दडून राहिलेले बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे वाचता न येणारे छोटे तुकडे. डिस्कवरचा बहुतेक डेटा रोज वाचला जात नाही. तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या ग्राहकाचे ड्रॉइंग ज्या सेक्टरवर आहे तो सेक्टर वाचता येत नाही, ही गोष्ट कोणी ती फाइल उघडेपर्यंत ना डिस्कला कळते ना नॅसला. २००७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ लाखांहून अधिक डिस्कवर ३२ महिने लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यातल्या ३.४५ टक्के डिस्कमध्ये असे दडलेले सेक्टर सापडले होते. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या तीनही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात. आपल्या बाबतीत हे २४ टीबीचे वाचन आहे. अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिटांमागे एक न वाचता येणारी चूक मान्य केलेली असते, आणि तेवढे बिट म्हणजे सुमारे १२.५ टीबी. प्रत्यक्षातल्या डिस्क या मर्यादेपेक्षा पुष्कळ चांगल्या वागतात, त्यामुळे प्रत्येक रिबिल्ड अपयशी ठरतो असा याचा अर्थ काढू नये. पण जे सेक्टर चार वर्षांत एकदाही वाचले नाहीत ते सगळे सेक्टर, एक डिस्क कमी झालेल्या अवस्थेत, सलग पंधरा तास ते दोन दिवस वाचायचे, हे काम मुळातच जोखमीचे आहे.

यावरचा उपाय फुकट आहे आणि तो आपल्या नॅसमध्ये आधीपासून असणार. त्याला स्क्रबिंग म्हणतात. ठरावीक काळाने नॅस स्वतःच सगळ्या डिस्क वाचून काढतो, आणि एखादा सेक्टर वाचता आला नाही तर बाकीच्या डिस्क शाबूत असतानाच त्याची दुरुस्ती करतो. डेबियन लिनक्समध्ये सॉफ्टवेअर रेडची अशी तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. पुष्कळ नॅसमध्ये मात्र ती मेनूतून स्वतः चालू करावी लागते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक लहान कार्यालयांत ती कधीच चालू केलेली नव्हती. आपल्या नॅसच्या लॉगमध्ये मागच्या चार वर्षांत स्क्रबिंग किती वेळा झाले ते पाहा. एकदाही झाले नसेल, तर बहुधा कारण सापडलेच.

दुसरे समान कारण म्हणजे एकाच लॉटच्या डिस्क. एकाच आठवड्यात, एकाच ठिकाणी बनलेल्या डिस्क सारखेच काम करत सारखेच तास चालतात, तेव्हा त्यांचे दोषही एकाच सुमारास वर येतात. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एसएसडीचेच आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्रायझने ग्राहकांना कळवले की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधल्या, दोषामुळे ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास झाल्यावर, कायमच्या बंद पडतील आणि त्यावरचा डेटाही परत मिळणार नाही. चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या काही मॉडेलांसाठी ४०,००० तासांचा असाच इशारा आला. सर्व्हर घेताना एकदम बसवलेल्या आठ एसएसडींचे तास एकदमच भरणार, त्यामुळे रेड कोणतीही असली तरी तिचा तिथे उपयोग नव्हता. फर्मवेअर अद्ययावत करणे एवढाच उपाय होता. ‘एसएसडी घ्या म्हणजे प्रश्न मिटला’ असे सांगणाऱ्या व्हेंडरला ही गोष्ट अवश्य सांगा, आणि त्यांच्या एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, डिस्कचे फर्मवेअर पाहण्याचे काम धरलेले आहे का तेही विचारा.

तिसरे कारण असे की दुसरी डिस्क बहुधा मेलेलीच नव्हती. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तो पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधीकधी मिनिटभरसुद्धा. तेवढ्यात नॅसमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरचा संयम संपतो आणि तो ती डिस्क गेली असे समजून बाहेर काढतो. नॅससाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडतात आणि वाचता आले नाही असे कळवतात, मग कंट्रोलर तो तुकडा बाकीच्या डिस्कवरून भरून काढतो. या एका फरकामुळे, किमतीत थोडीफार बचत करून डेस्कटॉप डिस्क नॅसमध्ये घालणे अंगाशी येते. मात्र डिस्कवर ‘नॅस’ छापलेले आहे एवढ्यावरही विसंबू नये. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केले की त्यांच्या नॅससाठीच्या लाल लेबलाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. या पद्धतीत नव्या ट्रॅकची कड जुन्या ट्रॅकवर चढवून लिहिलेले असते, त्यामुळे सलग मोठे लेखन आले की डिस्कचा वेग कोसळतो. रिबिल्ड म्हणजे नेमके तेच काम असल्याने काही ग्राहकांचे रिबिल्ड दिवसेंदिवस रेंगाळले किंवा नवी डिस्कच बाहेर फेकली गेली. त्यानंतर कंपनीने ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या सीएमआर डिस्कसाठी ‘प्लस’ असे वेगळे नाव आणले. डिस्क घेताना मॉडेल क्रमांकावरून ती सीएमआर आहे याची खात्री करा. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आता वीज आणि जागा, ज्यांबद्दल आपल्या पत्रात एक ओळही नाही आणि माझ्या मते निम्मे दुखणे तिथेच असते. भोसरीत गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते. त्या दिवशी नॅसचे काय होते? यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत तो चालत राहतो आणि मग अचानक बंद पडतो, असे असेल तर वर्षात पन्नासेक वेळा आपण त्या डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तोडत आहात. प्रत्येक वेळी काही बिघडतेच असे नाही. पण रेड ५ मध्ये डेटा लिहिला गेला आणि त्याची पॅरिटी, म्हणजे गेलेला डेटा पुन्हा काढण्यासाठीचा हिशोब, लिहायच्या आत वीज गेली, तर दोन्हींचा मेळ तुटतो, आणि तो तुटल्याचे एखादी डिस्क जाईपर्यंत कळत नाही. बहुतेक यूपीएसना यूएसबीची केबल असते. ती नॅसला जोडली की बॅटरी उतरू लागताच नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. मी जिथे जिथे पाहणीला जातो तिथे ही केबल बहुधा यूपीएसच्या खोक्यातच, प्लास्टिकच्या पिशवीसकट, पडलेली आढळते. यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरीही तीनेक वर्षांत थकते, तेव्हा ती कधी बदलली तेही पाहा. वायरमनला बोलावून नॅसच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट येतात ते वेल्डिंग आणि मोठ्या मोटारी चालू असताना मोजून घ्या. ते एक-दोन व्होल्टच्या आसपास असावे. दहा-पंधरा दिसले तर डिस्कची चर्चा थांबवून आधी अर्थिंग करून घ्यावे.

कंपनाचाही विचार करा. डिस्कचे वाचणारे हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते आणि केसाच्या जाडीत शेकडो ट्रॅक मावतील इतक्या अरुंद जागेत त्याला नेमके थांबावे लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवण्याच्या वायू यंत्रणेची चाचणी घेतली, तेव्हा वायू सुटण्याच्या नुसत्या आवाजाने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा तासन् तास बंद राहिल्या. आपला नॅस प्रेस शॉपच्या भिंतीला लागून असेल, किंवा ज्या टेबलावर आहे त्याच्याखालून कॉम्प्रेसरची पाइपलाइन जात असेल, तर तो हलवा. तापमानाबद्दल मात्र लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. गूगलच्या २००७ च्या अभ्यासात मध्यम तापमानाचा डिस्क जाण्याशी फारसा संबंध दिसला नव्हता. डिस्क चाळिशीच्या आसपास असेल तर एसीसाठी पैसे घालू नका, त्यापेक्षा पंख्याच्या जाळीवर बसलेला तेलकट धुळीचा थर दर तीन महिन्यांनी साफ करून घ्या.

नव्या वस्तू मागवण्याआधी जुन्या चारही डिस्कचे स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी, काढून ठेवा. त्यात पाहण्यासारख्या ओळी थोड्याच असतात. ५ क्रमांकाची ओळ किती सेक्टर कायमचे बदलले ते सांगते, १९७ क्रमांकाची ओळ किती सेक्टर वाचता न आल्यामुळे अडून बसले आहेत ते, आणि १९८ क्रमांकाची किती सेक्टर दुरुस्त झालेच नाहीत ते. या तिन्हींपैकी काहीही शून्यावरून वर सरकले की डिस्क बदलण्याची तयारी करावी. आणखी एक ओळ पाहा, १९९ क्रमांकाची. ती वाढलेली आणि बाकीच्या तिन्ही शून्य असतील, तर डिस्क ठीक आहे आणि दोष केबलचा, कनेक्टरचा किंवा नॅसच्या मागच्या बोर्डाचा आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेने कनेक्टरवर गंज धरला की हा आकडा वाढताना मी पाहिला आहे, आणि ती ओळ न वाचता चांगल्या डिस्कवर डिस्क बदलत राहिलेले व्हेंडरही पाहिले आहेत. आपल्या बाद झालेल्या दुसऱ्या डिस्कवर असे काही निघाले, तर नवा नॅस घेणे हेच योग्य ठरेल, कारण त्याच बोर्डावर नव्या डिस्कही तशाच वागतील.

स्मार्टवर किती विसंबावे याचे उत्तरही गूगलच्या त्याच अभ्यासात आहे. डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. मात्र गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये या ठळक लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते. म्हणून स्मार्टने धोका सांगितला तर तो लगेच खरा मानावा, पण सगळे हिरवे दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

पहिली डिस्क गेल्यावर काय करायला हवे होते, हेही सांगतो, कारण आपला डेटा त्या चोवीस तासांत वाचू शकला असता. डिस्क गेली आणि नॅस कसाबसा चालू आहे, तेव्हा पहिले काम कॉपीचे, नंतर रिबिल्डचे. सगळ्यांना फाइली बंद करायला सांगून टॅलीचे फोल्डर, चालू ऑर्डरची ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्राम आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, म्हणजे सर्वांत मोलाचा डेटा काही तासांत सुरक्षित होतो. त्यानंतर उरलेल्या डिस्कचे स्मार्ट अहवाल पाहायचे. एखादी डगमगती दिसली तर रिबिल्ड सुरूच करायचा नाही. ती डिस्क बाहेर काढून डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची. हे साधन वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडलेल्या सेक्टरवर शेवटी परत येते. त्या प्रतीवर पुढचे प्रयोग करायचे. आणि व्हॉल्यूम बंद पडल्यावर नॅसच्या पडद्यावर ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘नवा व्हॉल्यूम तयार करा’ असे बटण दिसले तर त्याला कोणीही हात लावायचा नाही. रिकव्हरी अशक्य होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

यातच एक छोटी गोष्ट आहे जिने फार मोठे नुकसान टळते. प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर समोरून दिसेल असा, डिस्कच्या सिरियल क्रमांकाच्या शेवटच्या चार-पाच अक्षरांचा स्टिकर लावा. नॅस सांगतो ‘तिसरी डिस्क गेली’, आणि तिसरी डावीकडून मोजायची की उजवीकडून, मोजणी शून्यापासून की एकपासून, या गोंधळात घाईने चांगली डिस्क ओढली जाते. रेड ५ मध्ये एक आधीच गेलेली असताना दुसरी चांगली डिस्क ओढणे म्हणजे व्हॉल्यूम तिथेच संपला. स्टिकर असेल तर पडद्यावरचा क्रमांक आणि ट्रेवरचा क्रमांक जुळवून मगच हात घालता येतो.

आता खरेदीकडे येऊ. आपल्याकडे प्रत्यक्षात डेटा किती आहे हे आधी मोजा. तीस-पस्तीस माणसांच्या कारखान्याचा डेटा मी बहुधा ३-४ टीबीच्या आत पाहिला आहे. तसे असेल तर चार डिस्कचा रेड ५ हवाच कशाला? ८ टीबीच्या दोन डिस्कचा आरसा, म्हणजे रेड १, पुरेसा आहे. त्यात एक गेली तर एकच डिस्क वाचावी लागते, पॅरिटीचा हिशोब नाही, आणि अगदी वाईट वेळ आली तरी त्यातली एकच डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून डेटा काढणे तुलनेने सोपे असते. चार डिस्क भरतील इतका डेटा खरोखर असेल तर रेड ६ घ्या, ज्यात दोन डिस्क गेल्या तरी निभावते. ८ टीबी आणि त्याहून मोठ्या डिस्कवर रेड ५ मी आता कोणालाच सुचवत नाही. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली तेव्हाच्या छोट्या डिस्क काही मिनिटांत पूर्ण वाचून होत. आज १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने, काहीही अडथळा न येता वाचली तरी बावीस तास लागतात.

दोन डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या, निदान वेगवेगळ्या लॉटच्या आणि काही आठवड्यांच्या अंतराने घ्या. क्षमता मात्र सारखी असू द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारी स्वस्त डिस्क कधीकधी दुसऱ्या देशासाठी आयात झालेली असते, आणि मग भारतात तिची वॉरंटी चालत नाही. पैसे देण्याआधी सिरियल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी तारीख दुकानातच पाहा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघडकीस आलेला प्रकार याहून गंभीर होता. हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या सर्व्हर डिस्क, स्मार्टचे तास शून्य करून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. चिया या नाण्याच्या मायनिंगमधून त्या बाहेर पडल्या असाव्यात असा संशय होता, आणि सीगेटच्या डिस्कमधल्या ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीत खरे तास राहिल्यामुळे ते पकडले गेले. सीगेटची डिस्क घेतली तर ‘फार्म’चे तास आणि स्मार्टचे तास जुळवून पाहा.

एसएसडीबद्दल माझे मत असे आहे. टॅली आणि ड्रॉइंगची कामे वेगाने व्हावीत यासाठी एसएसडी जरूर घ्या, भरवशासाठी नको. श्रोडर यांनी गूगलच्या डेटा सेंटरांमधल्या एसएसडींचा सहा वर्षांचा तपशील २०१६ मध्ये मांडला, त्यात एसएसडी बदलण्याची वेळ हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा आली असे दिसले. पण पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के एसएसडींमध्ये दुरुस्त न होणारी किमान एक चूक निघालीच होती. म्हणजे आरसा, स्क्रबिंग आणि बॅकअप यांपैकी काहीच टळत नाही. घ्यायचीच असेल तर अचानक वीज गेल्यावर हातातला डेटा लिहून पुरा करता यावा म्हणून कपॅसिटर बसवलेली, सर्व्हरसाठीची एसएसडी घ्या. आणि बॅकअप घेऊन कपाटात ठेवायला एसएसडी वापरू नका. पुरेपूर वापरून झालेली साधी एसएसडी वीज न देता ३० अंशांवर वर्षभर डेटा टिकवेल एवढीच जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेची अपेक्षा आहे.

व्हेंडरने ‘मोठी, महागडी यंत्रणा घ्या’ असाही आग्रह धरला तर लंडनच्या किंग्ज कॉलेजचा अनुभव ध्यानात घ्या. १७ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथल्या मोठ्या स्टोरेज यंत्रणेतला चारपैकी एक कंट्रोलर बिघडला, तो बदलताना सगळी यंत्रणाच कोसळली आणि ज्या विभागांच्या डेटाची टेपवर प्रत नव्हती त्यांचा डेटा गेला. यंत्रणेतल्या सुट्या भागांची जोडी कितीही असली तरी तिचे फर्मवेअर एकच असते.

म्हणून बॅकअप हा वेगळा विषय मानून, नॅसइतकाच खर्च त्यावर करा. मुख्य प्रत नॅसवर असू द्या. दुसरी प्रत रोज रात्री कारखान्यातल्याच वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वीजजोडणीवर ठेवलेल्या एका साध्या नॅसवर जाऊ द्या, आणि त्यावर रोजच्या वापराच्या पासवर्डने लिहिता येणार नाही अशी सोय करा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर आले तरी ते तिथवर पोचणार नाही. तिसरी प्रत गावाबाहेर हवी, भाड्याच्या क्लाउडवर किंवा आठवड्याला आलटूनपालटून घरी नेलेल्या दोन डिस्कवर. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळाली, तेव्हा ज्यांची बॅकअप प्रतही त्याच आवारात होती त्यांची दोन्ही गेली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या एकाच खोलीत सर्व्हर आणि बॅकअप ठेवणाऱ्या व्यावसायिकांना त्याच प्रसंगाला तोंड द्यावे लागले. आपली फर्म कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, आणि कंपनीच्या हिशोबाच्या वह्या आठ वर्षे जपाव्या लागतात.

बॅकअप घेतला जातो आहे की नाही हे कळण्याची सोय मात्र आपल्यालाच करावी लागेल. आपल्या यूएसबी डिस्कवरचा बॅकअप कित्येक महिने बंद होता आणि कोणाला कळले नाही, याचा अर्थ नॅसचा इशारा कुठेतरी जात होता किंवा जातच नव्हता. तो इशारा कोणत्या ईमेलवर जातो ते आजच पाहा. पुष्कळदा तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असतो. इशारा दोन माणसांना जाईल असे करा, आणि ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेशही रोज येऊ द्या, म्हणजे तो आला नाही तर विचारता येईल. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांसाठीच्या संकेतस्थळाचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाचही पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे त्यांना तिथेच कळले. सहा तासांपूर्वीची एक प्रत सुदैवाने हाती लागली म्हणून ते बचावले. म्हणून तीन महिन्यांतून एकदा, लेखा विभागातल्या कोणालातरी टॅलीची एक कंपनी बॅकअपवरून वेगळ्या लॅपटॉपवर उघडायला लावा आणि शेवटच्या दिवसाची व्हाउचर दिसतात का ते पाहा. ड्रॉइंगच्या फाइलीही दोन-चार उघडून पाहा. हे काम व्हेंडरवर सोडू नका.

शेवटी त्या जुन्या चार डिस्कबद्दल. त्यातल्या दोन अजून चालत असतील, तरी त्या नव्या आरशात घालू नका, कारण त्या त्याच लॉटच्या आणि तितक्याच तासांच्या आहेत. रिकव्हरीवाल्यांनी दिलेला डेटा तपासून होईपर्यंत चारही डिस्क तशाच, क्रमांक लिहून, जपून ठेवा, कारण एखादे फोल्डर राहून गेले असे दोन महिन्यांनी लक्षात आले तर त्याच लागतील. आणि वॉरंटीत परत करायच्या असतील तर आधी आपल्या ग्राहकांशी केलेला गोपनीयतेचा करार वाचा. वाहन उद्योगातले पुष्कळ ग्राहक आपली ड्रॉइंग असलेली डिस्क कारखान्याबाहेर देण्यास परवानगी देत नाहीत, आणि तशी अट असेल तर वॉरंटीवर पाणी सोडून ती डिस्क नष्ट करून घेणेच योग्य ठरेल.